आईचं बीपी 144 आहे, गोळी चालू करायची का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहून काढतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल काय चाललंय. आई 73 वर्षांची, गावी एकटी राहते, शुगर नाही, हार्टचं आजवर काही झालेलं नाही, गुडघे दुखतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी बीपी बघितलं तर 152/76 निघालं, मग नेहमीच्या डॉक्टरांकडं 144/74, आणि तुम्ही घरी मशीन आणून दिलं त्यावर कधी 134 तर कधी 148. एक डॉक्टर म्हणाले गोळी आजच चालू करा, दुसरे म्हणाले या वयात एवढं चालतंच, आणि शेजारच्या काकूंनी सांगितलं की एकदा गोळी लागली की मरेपर्यंत सुटत नाही. तुम्ही पुण्यात बसून रोज फोनवर आकडा विचारताय आणि आईला आता फोनचीच धास्ती बसलीय.

मी तालुक्याच्या गावात फिजिशियन म्हणून 31 वर्षं प्रॅक्टिस करतोय आणि खरं सांगू का, 190 बीपी घेऊन आलेला पेशंट मला सोपा वाटतो, तिथं विचार करायला काही नसतं. अवघड असतात ते हे 138 ते 150 मधले. तुम्हाला सांगणारे दोन्ही डॉक्टर चूक नाहीत. त्यांच्या हातात आकडा होता आणि आकड्यावरून दोन्ही उत्तरं निघू शकतात. मी स्वतः या टप्प्यातल्या म्हाताऱ्या माणसाला आकडा बघून गोळी देत नाही, ते माणूस खुर्चीतून कसं उठतं ते बघून देतो किंवा देत नाही. म्हणजे काय ते पुढं सांगतो, पण त्याच्याही आधी तो आकडा खरा आहे का ते बघायला लागतं, आणि निम्म्या केसेस तिथंच निकालात निघतात.

आमच्या ओपीडीत सकाळी साडेअकराला एखादी आजी येते ती अशी येते बघा. सहाला उठून, चहा घेऊन, एसटीनं पाऊण तास उभ्यानं, स्टँडवरून चालत, मग आमचे जिने चढून वर, नंबर लागेपर्यंत बाकावर शेजारणीशी बोलणं, लघवीला लागलेली असते पण नंबर जाईल म्हणून तशीच बसलेली, आणि आत आली की टेकायच्या आधी सिस्टर स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळते, हात हवेत, पाय स्टुलावरून लोंबकळतायत, आणि पट्टा फुगत असताना आजी मला सांगत असते की सुनेनं काय केलं. या बीपीला मी बीपी म्हणायचं का? बोलत असताना माणसाचं वरचं बीपी दहाएक पॉइंटनं वाढतं, लघवी तुंबलेली असेल तर तेवढंच किंवा थोडं जास्त, हाताला आधार नसेल तर अजून थोडं, जाड दंडाला छोटा पट्टा लावला तर पाच ते वीस कितीही. हे सगळे आकडे जसेच्या तसे एकावर एक रचले जात नाहीत, पण खरं 132 असलेली बाई माझ्या टेबलावर 150 दिसायला एवढं पुरतं. त्यात पांढरा कोट बघून वाढणारं बीपी असतंच, आणि म्हाताऱ्या माणसांत ते जास्त असतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीचं बीपी तर मी हिशेबातच धरत नाही. डोळ्यात सुई जाणार म्हणून घाबरलेल्या माणसाचं बीपी आहे ते.

म्हणून पहिलं काम, सात दिवस घरी नीट मोजायचं. मनगटावरचं मशीन नको, दंडावरचं घ्या, पट्ट्यावर किती ते किती सेंटिमीटर दंडासाठी आहे ते छापलेलं असतं, आईच्या दंडाला टेप लावून बघा. सकाळी तोंड धुऊन, लघवीला जाऊन, चहाच्या आधी, पाठ टेकेल अशा खुर्चीत बसायचं, दोन्ही पाय जमिनीवर, मांडी घालून किंवा पायावर पाय टाकून नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला, बाही वर, आणि पाच मिनिटं गप्प. टीव्ही बंद. मग एक रीडिंग, एक मिनिट थांबून दुसरं, दोन्ही वहीत लिहायची. संध्याकाळी जेवणाआधी परत तसंच. पहिल्या दिवसाची सगळी सोडून द्यायची आणि उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढायची. घरची सरासरी 135/85 म्हणजे दवाखान्यातलं साधारण 140/90, एवढं लक्षात ठेवा, घरचा काटा पाचनं खाली असतो.

पहिल्यांदा दोन्ही दंडांना मोजा, ज्या हातात जास्त येतं तोच हात पुढं कायम ठेवायचा. दोन हातांत 15 च्या वर फरक वारंवार येत असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा, एका हाताकडं जाणारी रक्तवाहिनी अरुंद झालेली असू शकते. आणि मशीन सारखं एरर दाखवत असेल किंवा आकडे वेडेवाकडे उड्या मारत असतील तर मशीनला शिव्या घालायच्या आधी नाडी बघून घ्या कोणाकडून तरी. नाडी अनियमित असेल तर ईसीजी काढायचा, कारण या वयात एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार, गुपचूप चालू असू शकतो आणि त्यातून पॅरालिसिस होण्याचा धोका या बॉर्डरलाइन बीपीपेक्षा कितीतरी मोठा असतो. मी असे दोन-तीन पेशंट पकडलेत जे आले होते फक्त मशीन बिघडलंय म्हणून.

दिवसातून आठ वेळा मात्र मोजायचं नाही. तुम्ही फोनवर आकडा विचारणंही आजपासून बंद करा, विचारायचंच असेल तर काय जेवलीस ते विचारा. 148 आलं की परत मोजायचं, परत 150, मग घाबरून परत, 156, हे चक्र मी रोज बघतो. बीपी मिनिटामिनिटाला बदलतं, बदलायलाच पाहिजे. सुटी रीडिंग कितीही असू देत, वहीतली सरासरी बघायची.

आता समजा सरासरी निघाली 130/72, तर विषय संपला, गोळी नाही, तीन-चार महिन्यांनी परत एक आठवडा मोजा. समजा निघाली 142/74. मग?

आधी हे बघा की वरचं वाढलेलं आणि खालचं 74 असं का. तरुणपणी महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी मोठी नळी, नव्या रबरी पाइपसारखी असते, रक्ताचा धक्का आला की फुगते आणि तो धक्का पोटात घेते. साठीनंतर ती जुन्या, उन्हात पडलेल्या पाइपसारखी कडक होत जाते, मग धक्क्याच्या वेळी दाब वर चढतो आणि दोन धक्क्यांच्या मधे टिकत नाही, खाली पडतो. म्हणून म्हातारपणी वरचं वाढतं आणि खालचं उलट कमी होतं. पूर्वी यावरूनच म्हणायचे की हे वयाचं आहे, नैसर्गिक आहे, आणि वय अधिक शंभर एवढं वरचं बीपी चालतं. माझ्या शिकण्याच्या काळातही जुने सर लोक हेच सांगायचे. पण 1991 मध्ये अमेरिकेतल्या शेप नावाच्या अभ्यासानं हे मोडून काढलं. साठीच्या पुढचे 4,736 लोक, सगळ्यांचं वरचं 160 किंवा जास्त आणि खालचं 90 च्या आत, निम्म्यांना क्लोरथॅलिडोन नावाची बीपीची गोळी देऊन सुरुवात केली, आणि त्यांच्यात पॅरालिसिसचे झटके 36 टक्क्यांनी कमी झाले. पुढं 2008 मध्ये हायव्हेट, त्यात तर सगळे ऐंशीच्या पुढचे, 3,845 जण, तिथंही फायदा, मृत्यू सुद्धा 21 टक्क्यांनी कमी. म्हणजे वय झालंय म्हणून सोडून द्या हे गेलं.

पण नीट बघा, शेप काय आणि हायव्हेट काय, सुरुवात 160 पासून आहे आणि हायव्हेटमध्ये खाली आणायचं ठरवलं होतं ते 150 पर्यंतच. तुमच्या आईच्या 142 बद्दल ते काहीच बोलत नाहीत.

142 बद्दल बोलणारे अभ्यास नंतर आले आणि खरी भानगड तिथंच आहे. 2015 चा स्प्रिंट नावाचा अभ्यास सगळ्या डॉक्टरांना माहितीय, 9,361 लोक, एका गटाला 140 च्या आत आणि दुसऱ्याला 120 च्या आत ठेवलं, आणि 120 वाल्यांना इतका फायदा झाला की अभ्यास ठरल्या वेळेआधीच थांबवला. त्यातल्या 75 च्या पुढच्या लोकांचा हिशेब वेगळा काढला तर तीनएक वर्षं 27 जणांवर जास्त कडक उपचार केले की एकाचा हार्ट अटॅक, स्ट्रोक (म्हणजे पॅरालिसिसचा झटका), हार्ट फेल्युअर असं काहीतरी टळलं. औषधाच्या दुनियेत हा आकडा फार चांगला आहे. यावर बोट ठेवून अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी 2017 मध्ये सांगितलं की 65 च्या पुढं चालत्याफिरत्या माणसाचं वरचं 130 च्या पुढं असेल तर औषध द्या. त्याच वर्षी तिथल्याच फिजिशियन लोकांच्या दुसऱ्या संघटनेनं सांगितलं की साठीच्या पुढं बहुतेकांना 150 च्या आत ठेवलं तरी पुरे. युरोपातली 2023 ची एक गाइडलाइन म्हणते 65 ते 79 ला 140 पासून, ऐंशीनंतर 160 पासून, त्याच्या आत डॉक्टरांनी विचार करून. आपल्याकडं सरकारी हायपरटेन्शन कार्यक्रमात, जो पहिल्यांदा पाच राज्यांत सुरू झाला त्यात महाराष्ट्र होता, 140/90 ही रेघ धरलीय. आता सांगा, पेशंटनं कोणाचं ऐकायचं, आणि तुमचे दोन डॉक्टर दोन गोष्टी बोलले यात नवल काय?

स्प्रिंटबद्दल दोन गोष्टी लोक विसरतात. एक, तिथं बीपी मोजायचे ते पाच मिनिटं शांत बसवून, मशीननं, तीन रीडिंगची सरासरी, म्हणजे तिथलं 120 हे आमच्या धावपळीच्या ओपीडीत बऱ्याचदा 130 किंवा वर भरेल. दुसरं, शुगरवाले, आधी स्ट्रोक झालेले, वृद्धाश्रमात राहणारे आणि उभं राहिल्यावर ज्यांचं वरचं बीपी 110 च्या खाली जातं असे लोक त्यात घेतलेच नव्हते. म्हणजे जी माणसं औषधानं पडली असती ती दारातच गाळली होती. तरीसुद्धा कडक उपचारवाल्या गटात बीपी फार उतरणं, भोवळ, सोडियम-पोटॅशियमची गडबड आणि किडनीला धक्का हे सगळं जास्त दिसलं.

आणि तुमच्या आईच्या सगळ्यात जवळचा अभ्यास ज्याचं नाव कोणी घेत नाही तो होप-थ्री, 2016 चा. 12,705 लोक, 55 च्या पुढचे पुरुष, 65 च्या पुढच्या बायका, हार्टचा आजार कोणालाच नाही, धोका मध्यम, आणि सुरुवातीचं सरासरी बीपी 138. म्हणजे अगदी हीच बॉर्डर. त्यांच्यातल्या निम्म्यांना बीपीचं दोन औषधांचं कॉम्बिनेशन दिलं आणि साडेपाच वर्षांनी हिशेब केला तर एकूण गटात फायदा काहीच नाही. फक्त ज्यांचं वरचं सुरुवातीला 143.5 च्या पुढं होतं त्या वरच्या तिसऱ्या हिश्शाला फायदा दिसला. मला हा अभ्यास आवडतो कारण तो रोजच्या अनुभवाशी जुळतो. धोका फारसा नसलेल्या माणसाला 136-138 ला गोळी देऊन तुम्ही फार काही कमवत नाही, आणि साधारण 145 च्या आसपास पोचलं की कमवायला लागता. मधल्या पट्ट्यात बाकीची गणितं बघायची.

बाकीची गणितं म्हणजे शुगर आहे का, लघवीतून प्रोटीन जातंय का, क्रिएटिनिन (किडनी कसं काम करते ते सांगणारी रक्ताची तपासणी) किती, ईसीजी किंवा इकोत हृदयाचा डावा कप्पा जाड झालाय का, आधी छोटा का होईना झटका येऊन गेलाय का, मिश्री-तंबाखू आहे का. (मिश्री लावता का विचारलं की आज्या नाही म्हणतात, सून मागून मान हलवते.) यातलं एक-दोन असेल तर 140 ला पण मी थांबत नाही. माझ्याकडं एक बाई होत्या, 74 वर्षांच्या, शुगर बारा वर्षांची, क्रिएटिनिन 1.4, बीपी 142-146 मधे फिरायचं. मुलगा म्हणायचा आधीच सात गोळ्या आहेत, अजून एक नको, आणि मीही म्हटलं बघू पुढच्या वेळी, असं दोनदा पुढची वेळ झाली. दीड वर्षानं उजवी बाजू गेली. गोळी दिली असती तर झटका टळलाच असता असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही, मीही सांगत नाही, पण तेव्हापासून शुगर आणि किडनी असलेल्या माणसात मी बघू पुढच्या वेळी म्हणत नाही.

आता दुसरी बाजू, आणि ही चूक पूर्ण माझी आहे. 78 वर्षांचे निवृत्त शिक्षक, ओपीडीत 148/66, मी त्यांना एकाच गोळीत दोन औषधं असलेली गोळी लिहून दिली, सकाळी एक. गर्दीचा वार होता, उभं करून बीपी बघितलं नाही, दुसरीकडून काय चालू आहे ते विचारलं नाही. त्यांना प्रोस्टेटसाठी दुसऱ्या डॉक्टरांची गोळी चालू होती रात्रीची, ती पण बीपी उतरवते, विशेषतः उभं राहिल्यावर. नवव्या दिवशी पहाटे लघवीला उठले आणि बाथरूमच्या उंबऱ्यात पडले, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण मास्तर परत कधी काठीशिवाय चालले नाहीत. नंतर त्यांच्या मुलानं घरची वही दाखवली, घरी बीपी 128 ते 134 असायचं. म्हणजे गोळी लागतच नव्हती. मी वही मागितलीच नव्हती.

म्हणून आता खुर्ची. माझ्या खोलीत एक बिनहाताची लाकडी खुर्ची आहे. पेशंटला पाच मिनिटं बसवून बीपी घेतो, मग उभं राहायला सांगतो, उभ्यानं एका मिनिटाला परत आणि तीन मिनिटाला परत. वरचं 20 नं किंवा खालचं 10 नं पडलं तर आधी त्याचं कारण शोधायचं, बीपीची नवी गोळी बाजूला. आणि मशीनपेक्षाही माझं लक्ष उठण्याकडं असतं. मांडीवर हात रेटून तिसऱ्या प्रयत्नात उठतात की सरळ उठतात, उठल्या उठल्या भिंत शोधतात का, दारापर्यंत जाऊन वळताना किती पावलं घेतात, वर्षभरात कितीदा पडलात म्हटल्यावर सुनेकडं बघतात का. जी आजी झटक्यात उठून दाराशी जाऊन परत येते आणि विचारते आता काय करू, तिचं वय 82 असलं तरी मी तिला 70 ची समजून उपचार करतो. आणि 71 वर्षांचा माणूस जो तीनदा पडलाय, वजन उतरलंय, जेवण निम्म्यावर आलंय, त्याचं 148 मी तसंच राहू देतो. कधी कधी तर चालू असलेल्या दोन गोळ्यांतली एक काढतो. त्याचाही अभ्यास झालाय इंग्लंडात 2020 ला, ऐंशीच्या पुढच्या लोकांची बीपीची एक गोळी कमी केली तर तीन महिन्यांनी बहुतेकांचं बीपी 150 च्या आतच राहिलं होतं. काकूंना हे सांगा. गोळी सुटत नाही असं नाही. गोळीची सवय लागत नाही, दारूसारखी ती कोणाला धरून बसत नाही, बीपी वाढण्याचं कारण आत तसंच असतं म्हणून बंद केल्यावर परत वाढतं, एवढंच.

फायदा मिळायला वेळ किती लागतो हाही हिशेब आहे. साठीच्या पुढच्यांचे मोठे अभ्यास एकत्र करून कोणी तरी काढलंय की बीपी जास्त खाली ठेवलं तर शंभरातल्या एकाचा हार्टचा किंवा पॅरालिसिसचा मोठा झटका टळायला साधारण तीन वर्षं लागतात. 73 ची धडधाकट बाई, तिच्यापुढं तीन वर्षं आरामात आहेत. अंथरुणाला खिळलेल्या 90 च्या आजोबांना त्या तीन वर्षांसाठी आज चक्कर विकत घ्यायला लावायची का, हे घरच्यांनी आणि डॉक्टरांनी बसून ठरवायचं.

तुम्ही लिहिलंय आईचे गुडघे दुखतात. यावर मी खरं तर आधीच यायला पाहिजे होतं. ती काय घेते गुडघ्यासाठी? मेडिकलमधून आणलेली, पावसाळ्यात रोज एक, अशी गोळी घेत असेल तर त्यात डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन असलं काहीतरी असणार आणि ही सगळी बीपी वाढवतात, अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, किडनीवर ताण देतात. मी कित्येक लोकांचं 146 फक्त ही गोळी बंद करून साध्या पॅरासिटामॉलवर आणून 134 झालेलं बघितलंय. पण पाण्यात टाकल्यावर फसफसणारी पॅरासिटामॉल नको, त्यात सोडियम असतं. सर्दीच्या गोळ्यांमधली नाक मोकळं करणारी औषधं, दम्यासाठी किंवा सांध्यासाठी म्हणून कुठून तरी आणलेल्या पुड्या ज्यात बरेचदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं, आणि घसा धरला म्हणून महिनोन्महिने चघळलेलं ज्येष्ठमध, हे पण विचारा. आईच्या औषधाच्या डब्यातलं सगळं, अगदी पुडीसकट, पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता.

आणि मीठ. आमच्या भागात लोक सांगतात आम्ही मीठ कमीच खातो, भाकरीत मीठ नसतंच. बरोबर, ज्वारीच्या भाकरीत नसतं, पण भाकरीबरोबर ठेचा असतो, खाराची मिरची असते, लोणचं, पापड, शेंगदाण्याची चटणी, चहाबरोबर खारी नाहीतर फरसाण. एकटं राहणारं म्हातारं माणूस भाजी करायचा कंटाळा आला की याच्यावरच दिवस काढतं, हे मी इतक्यांदा ऐकलंय. किती मीठ जातंय ते कळायला एक सोपी युक्ती आहे. आईच्या घरी एक किलोचं नवं मिठाचं पाकीट उघडा आणि त्यावर पेननं तारीख लिहा. दिवसाला पाच ग्रॅम, जेवढं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तेवढंच वापरलं तर एका माणसाला ते दोनशे दिवस, म्हणजे साडेसहा महिने गेलं पाहिजे. तीन महिन्यांत संपलं तर अकरा ग्रॅमच्या आसपास चाललंय, आणि त्यात बाहेरचा पापड-फरसाण धरलेलाच नाही. सैंधव आणलंय म्हणून निश्चिंत होऊ नका, तेही मीठच आहे, रंग वेगळा. पोटॅशियम मिसळलेलं कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्याचा चीनमध्ये 20,995 लोकांवर अभ्यास झाला आणि 2021 मध्ये आला, स्ट्रोक 14 टक्क्यांनी कमी, पण किडनी अधू असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर ते विचारल्याशिवाय आणू नका, पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. दुधीच्या रसाबद्दल कोणी विचारू नका, कडू दुधीचा रस पिऊन माणसं दवाखान्यात ॲडमिट होतात.

मीठ कमी करून आणि थोडं वजन उतरवून म्हाताऱ्या माणसांत खरंच फरक पडतो का, तर पडतो. वय वाढेल तसं शरीर मिठाला जास्त दाद देतं, म्हणून तरुणापेक्षा आजीत फरक जास्त दिसतो. मात्र बारीक, भूक कमी असलेल्या आजीला वजन उतरवायला किंवा अगदी अळणी खायला लावू नका, ती जेवणच सोडेल आणि मग सगळंच बिघडेल.

तर तुमच्या आईचं. गुडघ्याची गोळी बदलणं, मीठ, सकाळ-संध्याकाळ अंगणात का होईना चालणं, हे दोन-तीन महिने करा आणि त्याच वेळात क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, शुगर, लघवी आणि ईसीजी एकदा करून घ्या, याला फार खर्च येत नाही. त्यानंतर परत सात दिवसांची वही. 135 च्या आत आली तर गोळी नाही. 135 ते 140 आली, रिपोर्ट सगळे चांगले, तर मी तरी थांबेन आणि तीन महिन्यांनी परत बघेन. 140 च्या पुढंच राहिली आणि आई खुर्चीतून सरळ उठत असेल, उभ्यानं बीपी पडत नसेल, तर मी गोळी चालू करेन, एकच औषध, सगळ्यात छोट्या डोसनं. रिपोर्टमध्ये शुगर किंवा किडनीचं काही निघालं तर मग तीन महिने पण थांबणार नाही. वहीत पुन्हा पुन्हा 160 च्या पुढं येत असेल तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. आणि छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं यातलं काही झालं तर मशीन शोधत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

कुठली गोळी हे डॉक्टर ठरवतील, शेजाऱ्याची चालू आहे म्हणून तीच आणायची नाही. पण काय होऊ शकतं ते माहिती असू द्या. अम्लोडिपिननं संध्याकाळी घोट्याशी सूज येते, ती सूज किडनीची नसते, घाबरून सूज उतरवायची दुसरी गोळी मागून घेऊ नका, डोस कमी करून किंवा औषध बदलून ती जाते. टेल्मिसार्टन चालू केल्यावर दोन-तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम परत बघायचं. क्लोरथॅलिडोन स्वस्त आणि चांगलं, पण बारीक अंगाच्या आज्यांमध्ये सोडियम खाली जातं, आणि ते गेलं की आजी गोंधळल्यासारखं बोलायला लागते, घरचे म्हणतात वय झालं. असं अचानक झालं तर सोडियम तपासा. जुलाब-उलट्या लागल्या, खाणंपिणं बंद असलं, तर त्या दोन-तीन दिवसांत गोळी घ्यायची की थांबवायची ते फोन करून विचारा. हे आधीच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण तेव्हा फोन लागत नाही.

चालू केल्यावर चार आठवड्यांनी परत सात दिवस मोजायचं आणि त्यात रोज सकाळी एकदा उभ्यानं पण, एका मिनिटानं. उभ्यानं वरचं 110 च्या खाली यायला लागलं किंवा उठताना डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली तर आधी डोसचं बघायचं. मी 73 च्या धडधाकट बाईला 130 च्या आसपास आणायचा प्रयत्न करतो, सहज आलं तर छान, त्यासाठी तिसरी गोळी घालत नाही. खालचं बीपी 60 च्या खाली जायला लागलं तरी मी हात आखडता घेतो.

बाथरूममध्ये एक हँडल बसवून घ्या आणि रात्रीचा एक छोटा दिवा. गोळी चालू होवो न होवो, हे या दिवाळीला गावी जाल तेव्हाच करा. आणि डॉक्टरांकडं जाताना मोबाइलमधले फोटो दाखवू नका, आम्हाला त्या बोटाएवढ्या स्क्रीनवर काही दिसत नाही, वहीच न्या.